दोघांनाही एपिड्युरल, मग बाबांचीच शुगर का चढली?

लेक, सांगली
आईबाबा दोघांनाही डायबेटीस. गेल्या महिन्यात आईची गर्भपिशवी पोट उघडून काढली, नुसत्या एपिड्युरलवर (पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी घालून त्यातून औषध देतात ते). रात्रभर दर दोन तासांनी मी वहीत शुगर लिहीत होते, 160 च्या वर गेलीच नाही. बाबांचं दोन वर्षांपूर्वी जठराचं ऑपरेशन झालं. पूर्ण भूल, वर एपिड्युरलची नळी. दुखत अजिबात नव्हतं, तरी शुगर 270! असं का?

भूलतज्ज्ञ, सोलापूर
ताई, वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत.

पोट कापल्याची वर्दी नसांमधून मेंदूत पोचली की तिथली पिट्युटरी ग्रंथी जागी होते. मग अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनालिन ही ताणाची हार्मोन्स सोडतात, लिव्हर साखर ओततं आणि इन्सुलिन अपुरं पडतं. गर्भपिशवीच्या वेळी मी एपिड्युरलमधून बुपिवाकेन हे बधिर करणारं औषध देऊन स्पिरिटचा बोळा पोटावरून वर नेत विचारते, "मावशी, गार लागतंय का?" स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत "नाही" आलं तरच सर्जनला सुरी लावू देते. तिथपर्यंत बधिर असलं की वर्दी निघतच नाही, शिवाय अ‍ॅड्रिनलकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक (ताणाचा हुकूम नेणाऱ्या) नसाही बंद असतात. डेन्मार्कच्या केलेट यांच्या गटाने 1970 च्या दशकातच हे दाखवलं होतं.

जठराचं तसं नाही. जठराची वर्दी नेणारी व्हेगस नस थेट मेंदूतून खाली येते, श्वासपटलाची फ्रेनिक नस मानेतून. दोन्ही एपिड्युरलच्या पकडीबाहेर. जखमेतून सुटणारं इंटरल्युकिन-6 हे दाहाचं रसायन तर रक्तातूनच मेंदू गाठतं. म्हणून दुखत नाही, पण कॉर्टिसॉल वाढतं.

आयसीयू सिस्टर
आमच्याकडे कधीकधी नळीतून नुसतं फेंटानिल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) चालू असतं. पेशंट शांत झोपतो, पण इन्सुलिनचा डोस वाढवावाच लागतो.

भूलतज्ज्ञ, सोलापूर
बरोबर आहे, सिस्टर. फेंटानिलने दुखणं थांबतं, पण हार्मोन्स बुपिवाकेनइतके दबत नाहीत. बुपिवाकेनसुद्धा सुरी लागण्याआधी चढलेलं हवं आणि नंतरही चालू ठेवायला हवं. औषध उतरलं की कॉर्टिसॉल पुन्हा वर येतं.

ताई, बाबांच्या फाइलमध्ये डेक्सामेथासोन आहे का बघा. उलटी होऊ नये म्हणून देतात, पण ते स्टेरॉइड आहे, त्यानेही शुगर चढते.

लेक, सांगली
फाइल काढली. भुलेच्या कागदावर खाली लिहिलंय, "डेक्सा 8 एमजी". नळीतून काय चालू होतं ते मात्र लिहिलेलंच नाही. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरतंय, यावेळी दोन्ही गोष्टी आधीच विचारून घेते.