आबांचं मोतीबिंदू ऑपरेशन, भीती कशी घालवायची?

उद्यमनगरकर:
मंडळी, आबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय पुढच्या बुधवारी. डावा गेल्या वर्षी झाला, दुखलं काहीच नाही पण तोंडावर हिरवं कापड टाकल्यावर जीव गुदमरला म्हणे, हात वर घ्यायला लागले तसे डॉक्टर खेकसले. तरणेपणी गंगावेस तालमीत घुमलेला माणूस, आता दोनदा तारीख पुढं ढकलून बसलाय. गोळ्या-इंजेक्शनशिवाय भीती कमी करता येते का?

शाहूपुरी४थी_गल्ली:
माझे दोन्ही झालेत. काय दिसणार ते आधी सांगून ठेवा. पापणी उघडी रहायला क्लिप असते त्यामुळं डोळा मिटला तर काय हे टेन्शन नको. झगझगीत लाइट, मग पाण्यात बुडून वर बघितल्यागत रंग फिरतात, गार पाणी पडतं, मशीन आवाज करतं. मला कुणी बोललं नव्हतं, वाटलं डोळा गेला आपला! आणि दुसऱ्या डोळ्याला थोडं जास्त जाणवलं तर घाबरू नका, बऱ्याच जणांना तसं होतं.

ओटीतली_सिस्टर:
कापडाचं आधीच सांगा, नाकापुढं ते उचलून धरता येतं आणि खालनं ऑक्सिजनची नळीपण सोडतात. घरी रोज उताणं झोपवून पातळ ओढणी तोंडावर टाकून सराव करा, तुम्ही शेजारी बसा, नको म्हणाले की लगेच काढा. नातेवाईकांना आत घेत नाहीत, म्हणून हात धरायला एक सिस्टर मागून घ्या, खरं सांगते निम्मी भीती तिथंच जाते. खोकला आला, काही झालं तर हात दाबायचा, मान हलवायची नाही. आधी लघवीला जाऊन या, एसी लई गार असतो तर ब्लँकेट मागा, गुडघ्याखाली उशी. बीपीची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

पेठेतली_पोरगी:
आणि "घाबरू नका घाबरू नका" तेवढं करू नका बाबा! आमच्या आईला डॉक्टर नुसतं सांगत होते, आता गार लागंल, आता जरा दाब येईल, झालं बघा अर्धं. ती गप पडून राहिली.

उद्यमनगरकर:
सिस्टर, ओढणी परवा 4 मिनिटांत भिरकावली, आज 12 मिनिटं टिकले. आत गाणी लावतात का? आबा म्हणतात कुस्तीची हलगी लावा.

ओटीतली_सिस्टर:
गाणी लावतात, बारीक आवाजात, डॉक्टरांचं बोलणं ऐकू यायला पाहिजे. हलगी नको, आबा टेबलावरच शड्डू ठोकतील 😂 भजन लावा.