लॅपटॉपचं झाकण मिटलं की लिनक्सचं टीटीवायही (डेस्कटॉपबाहेरचं नुसत्या अक्षरांचं कन्सोल) लॉक व्हायला हवं की नको?

टीटीवाय_तात्या
काल इथल्याच एका विद्वानांनी ठोकून दिलं: "लॅपटॉप सस्पेंड होताना स्क्रीनलॉक लागतो, विषय संपला." कसला संपतोय! कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून बघा. दुपारी रूट (सर्वाधिकारी) होऊन उघडलेलं सेशन तिथे जसंच्या तसं असतं. डेस्कटॉपचा लॉक फक्त डेस्कटॉपपुरता. सगळी सेशन्स लॉक करा सांगणारी लॉगिनसीटीएल लॉक-सेशन्स कमांड दिलीत तरी डी-बसवर (प्रोग्रामांमधली निरोपांची वाट) नुसता निरोप जातो, आणि टीटीवायवरचं शेल, म्हणजे बॅश, तो ऐकत नाही. सिस्टमडीत (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) स्लीप.टार्गेटच्या, म्हणजे झोपण्याच्या टप्प्याच्या, आधी फिजलॉकचं युनिट (सेवेची फाइल) लावा; फिजलॉक सगळी कन्सोलं लॉक करतं. टाइप फोर्किंग लावा आणि -डी (लॉक लावून मागे सरक) विसरू नका, नाहीतर युनिट पासवर्डची वाट बघत बसतं आणि मशीन वेळेवर झोपत नाही. बॅगेत गरम होत बसतं.

कर्नल_काका
ते विद्वान आम्हीच. रूट उघडं टाकून उठणाऱ्याने आधी एक्झिट टाइप करायला शिकावं. फारच भीती असेल तर टीएमआउट=३०० लावा, ३०० सेकंद काही टाइप झालं नाही की शेल बंद.

टीटीवाय_तात्या
काका, टीएमआउट फक्त प्रॉम्प्टवर चालतो. व्हिम एडिटर उघडा राहिला की तुमचे ३०० सेकंद कधीच भरत नाहीत.

जुना_स्लॅकवाला
पूर्वी एसीपीआयडीची (झाकण मिटल्यासारख्या घटना टिपणारा प्रोग्राम) चार ओळींची स्क्रिप्ट पुरायची. आता झाकण मिटायलाही सिस्टमडीची परवानगी!

कर्नल_काका
झालं यांचं सुरू. मुद्द्याचं बोलू. डिस्कवर लक्स (डिस्क एन्क्रिप्शन) आहे ना? मग चोराला काय मिळणार?

बिट_बंड्या
सस्पेंडमध्ये लक्सची किल्ली रॅममध्येच असते हो! प्रिन्स्टनच्या मंडळींनी २००८ मध्येच रॅम थंड करून किल्ल्या काढून दाखवल्या. डेबियन ११ मध्ये क्रिप्टसेटअप-सस्पेंड आलंय, ते झोपण्याआधी किल्ली पुसतं. ते नसेल तर हायबरनेट करा (रॅम डिस्कवर उतरवून मशीन बंद), तेही एन्क्रिप्टेड स्वॅपवर, म्हणजे डिस्कच्या त्यासाठीच्या भागावर.

कर्नल_काका
म्हणजे चोर रॅम थंड करायला स्प्रेचा डबा घेऊन फिरणार? पुण्याच्या लोकलमध्ये?

बिट_बंड्या
धोका मोजायची ही तुमची पद्धत असेल तर बोलणंच खुंटलं.

हॉस्टेल_नं_४
रॅम गोठवणारा मला अजून भेटलेला नाही. रूममेट मात्र भेटला. माझ्या उघड्या टीटीवायवर त्याने फायलींची यादी देणाऱ्या एलएसच्या जागी आगगाडी पळवणारं एसएल जोडून ठेवलं. व्हायवाच्या आदल्या रात्री फाइल शोधतोय तर स्क्रीनवर आगगाडी! लक्स होतं, स्क्रीनलॉकही होता.

कर्नल_काका
रूममेट बदला. डिस्ट्रो बदलण्यापेक्षा सोपं आहे.

अनुस्वार
मी फिजलॉक लावलं, -पी देऊन "हात लावू नका" असा मराठी संदेशही टाकला. दिसले नुसते चौकोन! कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं. त्यात आपली जोडाक्षरं कुठे कोंबायची? यावर कोणीच का भांडत नाही?

टीटीवाय_तात्या
वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडतो.

जुना_स्लॅकवाला
तात्या, तुमच्या युनिटने मॅजिक सिसआरक्यू (थेट कर्नलला हुकूम देणारी की) बंद होतं का? ऑल्ट-सिसआरक्यू-एफने मेमरी मोकळी करायला कर्नल एखादी प्रोसेस मारतो. ती तुमचा लॉकच निघाली तर?

टीटीवाय_तात्या
फिजलॉकला -एस द्या, लॉक असेपर्यंत सिसआरक्यू बंद. प्रश्न रास्त आहे, तुमच्याकडून आला म्हणून आश्चर्य वाटलं.

कर्नल_काका
बरं, लावलं युनिट. चालतंय. रूटमधून एक्झिट मात्र मी अजूनही करणार. तुम्ही सगळे करत नाही एवढंच या धाग्यात सिद्ध झालं. आणि टीटीवाय१ वरून नुसतं स्टार्टएक्स मारून डेस्कटॉप उघडणाऱ्यांनो, एक्स (डेस्कटॉपखालचा प्रोग्राम) मेला की तुमचा स्क्रीनलॉकही मरतो, मागे उघडं शेल. एक्झेक स्टार्टएक्स लिहा, म्हणजे मागे शेल उरतच नाही, मग मला शहाणपण शिकवा.