ट्रेंडमुळे तुमच्या फोटोत काय बदललं? अनुभव सांगा

धागाकर्ता
"सोशल मीडियाने फोटोग्राफी सवंग केली" असं आता कुणीही सहज म्हणून जातं. तक्रार जुनीच आहे. १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो टिपायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो स्वस्तात मिळू लागले आणि जो तो स्टुडिओतल्या त्याच खांबाला टेकून, त्याच पडद्यापुढे उभा राहू लागला. १८५९ मध्ये कवी बोदलेअरने या वेडावर सडकून टीका केली. म्हणजे ट्रेंडही जुना आणि त्यावर नाक मुरडणंही जुनंच.

म्हणून इथे मतं नकोत. बटण दाबायच्या आधी तुमच्यात काय बदललं, तेवढं लिहा. माझं सांगतो. इन्स्टाग्रामवर २०१५पर्यंत फोटो चौकोनीच चालायचा, तेव्हा मी चौकोनात बघायचो. आता समोर आडवा डोंगर असला तरी हात मोबाइल उभाच धरतो. हे मी कधी ठरवलं, मला आठवत नाही.

जुना_शटर
समारंभांचे फोटो काढणं हा माझा धंदा. पूर्वी लोक माझा अल्बम चाळून "असेच काढा" म्हणायचे. आता दुसऱ्याच कुणाच्या फोटोंचे स्क्रीनशॉट दाखवतात. "अस्साच हवा." त्यात मागून येणारं संध्याकाळचं ऊन असतं आणि यांचा कार्यक्रम भर दुपारी, बंद हॉलमध्ये. मग फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून मी मागच्या बाजूला नकली संध्याकाळ उभी करतो. पैसे मिळतात, त्याबद्दल कुरकुर नाही.

खटकतं ते पुढे. फोटो निवडताना लोक त्या स्क्रीनशॉटशी ताडून बघतात. तोंडावर हात ठेवून हसणारी आजी, कोपऱ्यात रुसून बसलेलं पोर, हे पहिल्या फेरीतच बाद. काही वर्षांनी फोन येतो, "दादा, तो आजीचा होता ना, तो आहे का हो अजून?" असे इतके फोन आलेत की नापसंत फोटोंसाठी मी वेगळी हार्डडिस्क ठेवली आहे.

नवशिकी
धाग्याच्या सुराशी सहमत नाही. गाड्यांच्या दिव्यांच्या लाल-पांढऱ्या रेषांचे फोटो सगळे टाकत होते, म्हणून मी ट्रायपॉड घेतला. शटर स्पीड, आयएसओ आणि अ‍ॅपर्चर यांचं, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा याचं, गणित मला त्या नकलेतून कळलं, मॅन्युअल वाचून कळलं नव्हतं. पुढे रेषांचा कंटाळा आला, ट्रायपॉड राहिला. आता वर्दळीच्या रस्त्याचे असे फोटो काढते की माणसं उमटतच नाहीत. लाइक फारसे येत नाहीत. मला मात्र ते फार आवडतात.

पाणथळ
नकलेने शिकायला होतं हे मान्य. पण पक्ष्यांच्या बाबतीत ती इतकी निरुपद्रवी राहत नाही. खंड्या पाण्यात सूर मारतानाचा एक फोटो गाजला की सगळ्यांना तोच हवा असतो. मग पाण्यात टब बुडवून त्यात जिवंत मासे सोडायचे, बसायला फांदी रोवायची आणि दबा धरायचा. पिल्लांना भरवतानाचा फोटो स्वच्छ यावा म्हणून घरट्यापुढच्या फांद्या छाटणारेही आहेत. तो आडोसा गेला की ऊन आणि शिकारी दोघांनाही वाट मोकळी. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत जिवंत आमिष चालत नाही. फीडवर कोण विचारतंय?

मला स्वतःला पक्षी लहान आणि भोवतालचं गवत भरपूर, असे फोटो आवडतात. मोबाइलच्या पडद्यावर त्यात नुसता ठिपका दिसतो, लोक अंगठ्याने पुढे सरकवतात. तेव्हापासून मी असे फोटो मोठे छापून घेतो. पाहुण्यांना आधी पक्षी शोधावा लागतो. तेवढा वेळ ते फोटोपुढे उभे राहतात, यातच मी खूश.

दाणेदार
मी फिल्मवर काढतो आणि हल्ली फिल्म हाच एक ट्रेंड झालाय! सिनेस्टिल ८००टी ही मुळात कोडॅकची सिनेमाची फिल्म, तिच्या पाठीवरचा रेमजेट नावाचा काळा थर काढून टाकलेली. हा थर प्रकाश उलटून पुन्हा फिल्मवर पडू देत नाही. तो नसला की दिव्यांभोवती लालसर वलय येतं. थोडक्यात, एक तांत्रिक उणीव. आता डिजिटल फोटोंवर तेच वलय प्रीसेटने, म्हणजे अ‍ॅपमधल्या तयार सेटिंगने, चढवतात. पण माझ्या रोलमध्ये ३६च फोटो बसतात म्हणून मी थोर, असंही नाही. ३६च्या ३६ रटाळ निघालेले रोल माझ्याकडे आहेत.

तिऱ्हाईत
विवियन मायर या अमेरिकन छायाचित्रकार बाईचं नाव कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढते. लाखाहून अधिक निगेटिव्ह, आणि हयातीत जवळपास कुणालाच दाखवल्या नाहीत. मला नाही जमणार. मला दाद लागते, त्यात लाज कसली?

पण २०२५च्या मार्चमध्ये फोटोंची एआयकडून जपानी कार्टूनसारखी चित्रं करून घ्यायची लाट आली, तेव्हा मीही आम्हा बहिणींचा लहानपणीचा फोटो दिला. चित्र गोड आलं. फक्त धाकटीच्या कपाळावरचा व्रण त्यात नव्हता. तो कसा पडला ही आमच्या घरातली सगळ्यात लांब गोष्ट आहे, दर वेळी वाढत जाणारी. चित्र स्टेटसला ठेवलं, लगेच बदाम आले. धाकटीचा मेसेज आला, "ताई, तुझ्या शेजारी कोण आहे?"

धागाकर्ता
तिऱ्हाईत, मूळ फोटो टाका स्टेटसला. नवशिकी, रस्ते रिकामे करता ते रात्री का?

नवशिकी
नाही, भर दिवसा. १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड सुमारे हजारपट कमी करणारी काळी काच, लावला की १/३० सेकंदाचं एक्स्पोजर साधारण ३४ सेकंदांवर जातं. चालणारा माणूस उमटत नाही. मधेच थांबून मोबाइलमध्ये डोकं घालणारा मात्र येतो.