माळावरच्या विहिरीला सोलर बसवतोय, सोबत 'एआय'चा डबा पण घ्या म्हणालेत, घेऊ का?

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी, कागल तालुक्यातनं लिहितोय. घरची साडेतीन एकर. दोन एकर नदीकडंला, त्याला गावच्या पाणीपुरवठा संस्थेचं पाणी, सगळा ऊस. राहिलेलं दीड एकर माळाला, तिथं विहीर हाय पण लाईट नाही. कोटेशन भरून दोन वर्षं झाली, खांब काय आला नाही, इंजिनात डिझेल ओतून ओतून जीव गेलाय. आता 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मधनं नंबर लागलाय, क्षेत्र अडीच ते पाच एकरात बसतंय म्हणून ५ एचपी मिळणार, १० टक्के आम्ही भरायचे. इथपर्यंत सगळं ठीक.

गेल्या आठवड्यात एका कंपनीची माणसं आलीती, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून मीटिंग घेतली, चहा-वडा दिला. शेतात एक डबा बसवायचा, मातीत सेन्सर, वरनं उपग्रह, आणि रोज मोबाईलवर मेसेज येणार की आज पाणी पाजा, उद्या नको, अमुक कोपऱ्यात रोग दिसतोय. पहिलं वर्ष अर्धे पैसे. पुढच्या वर्षी किती ते नीट सांगितलं नाही. सातबारा, आधार, फार्मर आयडी, पासबुक सगळ्याच्या झेरॉक्स मागितल्यात आणि सहा पानांचा इंग्रजी फॉर्म, खाली सही. आबा म्हणाले सोलर बसव, पैसे मी देतो, पण त्या डब्याचं चार लोकांना विचारल्याशिवाय सही करू नको.

मीटिंगमध्ये मागनं एक पोरगं म्हणालं की हे एआय ज्या बिल्डिंगमध्ये चालतं ती गावभराची वीज आणि पाणी पिती, मग आपण हितं सोलर बसवून काय वाचवलं? सगळे हसले, पण मला ते काय डोक्यातनं जाईना झालंय. सोलरचा अनुभव, डब्याचा अनुभव, काय असेल ते सांगा.

शिरोळचा_मळेकरी

भावा सोलर डोळे झाकून घे. मला तीन वर्षं झाली ५ एचपीला. सकाळी साडेनऊपर्यंत धार बारीक असती, दहा ते साडेतीन दणकून चालतंय, मग परत बारीक. ढग आला की मोटर रडती पण पावसाळ्यात पाणी पाजायचंच कुणाला हाय? मार्च ते मे, जेव्हा उसाला घसा कोरडा पडतो, तेव्हाच ऊन पण सगळ्यात कडक, हे गणित लई झकास जुळतंय. रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर जाणं बंद झालं, मागच्या साली आमच्या शेजारच्या माणसाला पाणी पाजताना साप चावलाय, वाचला बिचारा.

पण काही गोष्टी सांगतो ज्या एजन्सीवाला सांगणार नाही. विहिरीत पाणी किती खोल ते मे महिन्यातलं सांग, ऑगस्टमधलं नको, सर्व्हेला येतात तेव्हा विहीर काठोकाठ असती आणि मग उन्हाळ्यात पंप नुसता घरघरतो. पॅनेलचं तोंड दक्षिणेला असतंय, म्हणून दक्षिणेच्या बाजूला झाड नको आणि ऊस तर लावूच नको. आडसालीचा ऊस बारा-तेरा फूट गेला की पॅनेलच्या उरावर सावली धरतो, मी ही चूक केलीय, दोन सऱ्या मोडाव्या लागल्या. धूळ आठ-पंधरा दिवसांनी पुसायची, खारं पाणी मारायचं नाही, डाग पडतात. आणि केबल पुरून घे. आमच्याकडं केबल चोरीला गेली, पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा कंपनीकडंच असतोय पण तक्रार लगेच टाकायला लागती, मी बसलो आठ दिवस, मग काय, घरचेच घातले.

आमच्याकडं २०१९ चा आणि २०२१ चा पूर बघितल्यावर मी कंट्रोलर डोक्याच्या वर बांधलाय, तुझं माळाला हाय म्हणजे तू सुखी. आणि एक लक्षात ठेव, सोलर घेतलं की ते भरलेलं कोटेशन विसरायचं, नंतर खांब मागायला जाऊ नको.

हां, आणि तू डबा घेऊ का म्हणून विचारतोयस पण एक डबा तर ह्या सोलरसोबतच येतोय बरं का. कंट्रोलरमध्ये सिमकार्ड असतंय, पंप किती वेळ चालला, किती वीज केली ते रोज वर जातंय. सबसिडी दिलीय म्हटल्यावर सरकार बघणारच की.

तांबडा_पांढरा

आमच्या आईनं पॅनेलखाली शेळ्या बांधल्यात. तिचा सोलरवर लई विश्वास, सावली चांगली पडती म्हणती 😄

गडहिंग्लजकर_हिंजवडीत

मी एआयच्या ह्याच धंद्यात काम करते म्हणून त्या मागनं बोललेल्या पोराच्या बाजूनं लिहिते, त्याला हसायला नको होतं.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा आकडा आहे, २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटर्सनी, म्हणजे तो म्हणाला तसल्या बिल्डिंगांनी, साधारण ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का. ऐकायला कमी वाटतं, पण ही सेंटर्स जगभर सारखी पसरलेली नाहीत ना, एका जागी गोळा होतात आणि तिथल्या लोकांच्या डोक्यावर बसतात. आयर्लंडमध्ये २०२३ ला देशाच्या मीटरवरच्या विजेतली २१ टक्के एकट्या डेटा सेंटर्सना गेली, तिथल्या सगळ्या शहरांतल्या घरांनी मिळून वापरली त्यापेक्षा जास्त. पाण्याचं पण तसंच, बऱ्याच ठिकाणी मशीन थंड करायला पाण्याची वाफ करून सोडतात, ते ओढ्याला परत येत नाही. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये द डॅलेस म्हणून छोटं शहर आहे, तिथं गुगलची सेंटर्स २०२१ ला शहराच्या पाण्याचा पावहून जास्त हिस्सा प्यायली हे बाहेर यायला वर्षभर कोर्टकचेरी झाली, कारण आकडा हे कंपनीचं गुपित आहे म्हणून खुद्द शहराच्या कारभाऱ्यांनीच तो दाबून धरला होता. पाणी लोकांचं आणि मोजमाप कंपनीचं!!

मग ह्या कंपन्या म्हणतात आम्ही शंभर टक्के सौर आणि वाऱ्याच्या विजेवर. तर ते असं असतं की वर्षभरात जेवढी वीज वापरली तेवढीच हरित वीज कुठूनतरी विकत घेतली असा वर्षाचा हिशोब जुळवतात. रात्री दोन वाजता मशीन चालतंच, आणि तेव्हा ऊन नसतं, तेव्हा ग्रीडमधनं जे येईल ते, कोळसा असेल तर कोळसा. (खरं सांगायचं तर आमच्या घरावर नेट मीटरिंग आहे आणि आम्ही पण तेच करतो, दिवसा ग्रीडला देतो, रात्री घेतो आणि पाहुण्यांना सांगतो आमचं बिल झिरो. फक्त आमचं तीन किलोवॅट आहे.) गुगलनंच २०२४ च्या अहवालात कबूल केलंय की २०२३ चं त्यांचं कार्बन उत्सर्जन २०१९ पेक्षा ४८ टक्क्यांनी वाढलेलं होतं.

आता तुमच्या डब्याचं. तुमच्या एका मेसेजनं नदी आटणार नाही, ते पाप डोक्यावर घेऊ नका दादा. मला त्या सहा पानांची जास्त भीती वाटते. तुमच्या शेतात एकरी किती टन ऊस उभा आहे, हे तोड यायच्या आधी उपग्रहावरनं कुणाला कळणार? तुम्हाला की आधी कारखान्याला, बँकेला, औषधं विकणाऱ्याला? आपल्याकडं काट्यावरनं किती भांडणं होतात ते मी सांगायला नको, वजन करणारा काटा दुसऱ्याच्या दारात असला की शेतकऱ्याला घोर लागतोच. हा पण काटाच आहे, फक्त दिसत नाही. तुम्ही पैसे भरायचे बंद केले तर तुमच्या शेताची माहिती पुसणार का, आणि पुढं कुणाला विकणार का, एवढं मराठीत लिहून मागा. लिहून देत नसतील तर समजून जा.

ड्रिपवाला_वारणा

ताई तुमचं सगळं बरोबर असेल पण हे वाचून माणसं मोबाईल टाकून देतील असं लिहिलंय. दिवसभर रील बघतोय ते पण तसल्याच बिल्डिंगमधनं येतंय की, तेव्हा कुणी पाणी विचारत नाही, शेतकऱ्यानं काहीतरी नवीन घेतलं की लगेच सगळ्यांना पर्यावरण आठवतंय.

मी सेन्सर वापरतोय, दुसऱ्या कंपनीचा, दुसरं वर्ष. आपल्याकडं पाणी पाजतात म्हणजे काय करतात, शेजाऱ्यानं पाजलं म्हणून पाजतात, लाईट आली म्हणून पाजतात. सरीत पाणी उभं करायचं आणि घरी जाऊन झोपायचं. शिरोळ हातकणंगल्याकडची कसदार जमीन क्षारपड कशानं झाली? पाणी जास्त झाल्यानंच ना. माझ्या ८६०३२ जातीच्या उसाच्या प्लॉटला उन्हाळ्यात दोन पाळ्या वाचल्या, वाफसा, म्हणजे मातीत बेताची ओल, कधी येतोय ते खाली मुळाशी काय चाललंय त्याच्यावरनं कळतंय, वरची माती बघून फसायला होतं. बारामतीला कृषी विकास ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टसोबत उसावर हे केलं, २०२५ च्या जानेवारीत सत्या नडेलांनी जगापुढं त्याचं नाव घेतलं, म्हणजे अगदीच थाप नाही.

तोटा पण सांगतो. पहिल्या वर्षी तोडणीवाल्यांनी वायर कापली. दुसऱ्या वर्षी उंदरानं खाल्ली. आणि एकदा बाहेर झिमझिम पाऊस चालू असताना मेसेज आला, फवारणी घ्या. मी घेतली नाही. म्हणजे आपलं डोकं चालू ठेवायचंच. पण दूधगंगाकाठ, तुझं माळावरचं दीड एकर, त्यात ड्रिप नसेल तर सेन्सर घेऊन करणार काय? पाटानं पाणी देताना सेन्सर म्हणजे बैलगाडीला स्पीडोमीटर. आधी ड्रिप कर.

संस्थेचा_जुना_सेक्रेटरी

करवीर तालुक्यातल्या एका पाणीपुरवठा संस्थेचं दप्तर मी बावीस वर्षं सांभाळलं. पोरांनो चर्चा चांगली चाललीय, माझं थोडं ऐका, टायपिंग सावकाश आहे.

एकाच्या विहिरीला ५ एचपी सोलर बसतं, बसवा, जरूर बसवा. पण कोल्हापूरचा ऊस उभा आहे तो नदीवरनं उचललेल्या पाण्यावर. दोन-दोन तीन-तीन किलोमीटर पाईपलाईन, वर चढ, त्याला ह्या साडेसात एचपीच्या योजनेतला पंप पुरणार कसा? मोफत विजेची योजना आली २०२४ ला ती पण साडेसात एचपीपर्यंतच, आमच्या मोटरी त्याच्या वरच्या, म्हणजे आम्ही बाहेर. आम्हाला पाहिजे दिवसा वीज. त्यासाठीच २०२२ ला महावितरणच्या दारात धरणं झालं, मीही चार दिवस जाऊन बसलो होतो. रात्रीच्या पाळीला राधानगरीकडच्या वस्त्यांवर गवे उसात उभे असतात, माणूस पाणी पाजणार की जीव वाचवणार.

त्यावर उपाय म्हणून सौर कृषी वाहिनी आली, म्हणजे सबस्टेशनजवळ सोलरचा प्लांट टाकायचा आणि त्याच्यावर शेतीचा फीडर, म्हणजे शेतीपंपांची लाईन, दिवसा चालवायचा. कल्पना चांगली आहे. पण जागा कुणाची? खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, म्हणजे एकरी पन्नास हजार, दरवर्षी तीन टक्के वाढ. मुरमाड माळाला हे सोन्याहून पिवळं. एकरी चाळीस टन काढणाऱ्या काळ्या रानाला देऊ नका, हिशोब करा, खर्च वजा जाता जवळपास तेवढंच राहतं आणि जमीन कित्येक वर्षं अडकते. आणि गायरान देताना तर गावानं दहा वेळा विचार करावा. कागदावर ते पडीक असतं, पण धनगराची मेंढरं कुठं चरतात आणि भूमिहीन बाईची एक म्हैस कशावर जगते ते कागदावर नसतं. सूर्याची वीज म्हणून ती आपोआप पुण्याची होत नाही.

डब्याविषयी. आपल्या डेअरीत दूध घातलं की फॅट आपल्यासमोर लागते, स्लिप हातात येते, पटलं नाही तर तिथंच भांडता येतं, कारण संस्था आपली आहे. प्रत्येकानं वेगळा डबा कशाला घ्यायचा? एका शिवारात पाऊस, वारा, आर्द्रता काय दहा प्रकारची असते काय? हवामानाचं एक यंत्र संस्थेनं घ्यावं, ऑफिसच्या छपरावर लावावं, माहिती फळ्यावर लिहावी आणि ग्रुपवर टाकावी. मातीचे सेन्सर काळ्या रानात दोन, मुरमाड रानात दोन. वही संस्थेची. कंपनीला माहिती पाहिजे असेल तर तिनं संस्थेला पैसे द्यावेत, आपण तिला का द्यायचे?

ड्रिपवाला_वारणा

काका संस्थेच्या मीटिंगला कोरम होत नाही, यंत्र कोण वाचणार आणि फळ्यावर कोण लिहिणार 😀 पाटकरी?

संस्थेचा_जुना_सेक्रेटरी

पाटकऱ्याला कमी लेखू नका. कुणाच्या रानाला किती तासात पाणी पुरतं ते आमच्या पाटकऱ्याला तोंडपाठ होतं, त्याच्याकडं कुठला उपग्रह नव्हता. कोरमचं मात्र खरं आहे.

दूधगंगाकाठ

सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. सोलरचे पैसे काल भरले. डब्यावाल्याला फोन केला आणि ताईंनी सांगितलेलं विचारलं, पैसे बंद केले तर माहिती पुसणार काय आणि मराठी फॉर्म देणार काय. म्हणाला वरनं विचारून सांगतो. मग म्हणाला, साहेब तुम्ही पहिलेच हे विचारणारे. गावातल्या अकरा जणांनी सह्या केल्यात म्हणे. त्यातल्या तिघांना मी विचारलं, एकानंही वाचलेला नाही, एकजण म्हणाला वडा चांगला होता.

सेक्रेटरी काकांचं आमच्या संस्थेच्या चेअरमनना सांगितलं, ते म्हणाले आधी मागची पाणीपट्टी भरा मग यंत्राचं बघू. थकबाकीत आमचं पण नाव हाय.

मळेकरी दादा, सर्व्हेवाला आलता, मेमधली पातळी सांगितली. विहिरीच्या दक्षिणेला आंबा हाय, आजोबांनी लावलेला, सावली बरोबर पॅनेलवर पडणार. सर्व्हेवाला म्हणाला तोडून टाका. आबांनी नुसतं बघितलं त्याच्याकडं. आता पॅनेल पूर्वेच्या बांधाला सरकवलंय, केबल चाळीस फूट जादा लागणार, ते पैसे आमच्या खिशातनं. जादा केबल कुठली चांगली तेवढं सांगा कुणीतरी, आणि पुरायची किती खोल?