मदत हवी आहे: मालवणच्या स्कूबावाल्यांनी मुलीचा व्हिडिओ जाहिरातीत वापरलाय

मे महिन्यात आम्ही मालवणला स्कूबा केलं. पाण्याखालचा व्हिडिओ पॅकेजमध्येच होता. माझी मुलगी १४ वर्षांची. खाली गेल्यावर ती घाबरली, मास्क ओढायला लागली; सोबतच्या डायव्हरने तिचा हात धरून तिला शांतपणे वर आणलं. त्याचे उपकार आहेतच. पण तोच प्रसंग आता त्यांच्या इन्स्टाग्रामवर रील म्हणून फिरतोय, तिचा चेहरा स्पष्ट दिसतोय. शाळेतल्या मुलांनी तो पाहिलाय आणि ती शाळेत जायला तयार नाही.

दोनदा फोन केला. उत्तर एकच: "फॉर्मवर सही केलीय तुम्ही." फॉर्म होडीत चढताना घाईत भरला होता. माझ्याकडे त्याचा फोटो आहे. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास या प्रश्नांच्या खाली बारीक इंग्रजीत 'फोटो-व्हिडिओ प्रसिद्धीसाठी वापरू' अशी ओळ आहे. आरोग्याच्या माहितीखाली घेतलेली सही जाहिरातीची परवानगी कशी काय ठरते? इन्स्टाग्रामवर रिपोर्ट केलं, अजून काही झालेलं नाही.

पैसे नकोत, कुणाचा धंदाही बुडवायचा नाही. रील काढायला हवं आणि मूळ व्हिडिओही पुसायला हवा. आम्ही पुण्यात असतो, मालवणला खेपा घालणं जमणार नाही.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते, पण त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. मग आज लेखी नोटीस कशाच्या आधारे द्यावी? की थेट पुण्याच्या सायबर पोलिसांकडे जावं?