मदत हवी आहे: पितळी तारेतल्या रूपकात मात्रा गळतात

तिरकिट (नागपूर)
सात मात्रांच्या रूपक तालावर उजेडाचं शिल्प करायला घेतलंय. पीसीबी (छापील सर्किट-बोर्ड) नाही, ०.८ मिमीची पितळी तार हाच सांगाडा आणि हीच वायरिंग. सात उभ्या काड्या ३-२-२ अशा गटांत, प्रत्येकीच्या टोकाला ५ मिमीचा एलईडी. रूपकात समेवरच (पहिल्या मात्रेवर) खाली, म्हणजे टाळी नसलेली मात्रा, म्हणून पहिली काडी बुटकी आणि तिचा एलईडी पांढरा. बाकी लाल. चौथी नि सहावी मात्रा टाळीची, त्या काड्या उंच.

एनई५५५ या टायमर चिपच्या ठोक्यावर सीडी४०१७ ही मोजणी चिप चालते, दर ठोक्याला पुढचा आउटपुट पेटवते. ५५५ ला आर१ १० के (किलोओहम), आर२ म्हणजे १० के अधिक १०० के चा पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर), कपॅसिटर १० मायक्रोफॅरड. ४०१७ ची पिन १३ ग्राउंडला, पिन ६ थेट रीसेटला (पिन १५). सातही एलईडींना मिळून ग्राउंडकडे एकच ४७० ओहम. सप्लाय मोबाइल चार्जरचा, ५ व्होल्ट.

ब्रेडबोर्डवर (सोल्डरशिवाय जोडून बघायच्या पाटीवर) चोख चाललं. तारेत उभं केल्यावर मधेच मात्रा गळते, तीनवरून थेट पाचवर. चालू करताना समेपासून सुरू होईलच असं नाही, कधी आधी एकदोन ठोके अंधार. आणि एक जोड केला की शेजारचा सुटतो. शिवाय दिवा झटकन विझायला नको, डग्ग्याच्या आसेसारखा (मागे घुमणाऱ्या नादासारखा) विरत जायला हवा.

झिरोओहम
भाऊ, मात्रा गळणं आणि सम चुकणं हे दोन वेगळे रोग आहेत.

साधा एनई५५५ आउटपुट बदलताना क्षणभर सप्लायमधून मोठा करंट ओढतो. लांब तारेत इंडक्टन्स आलंच, त्यामुळे व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि ४०१७ त्यालाही ठोका समजतो. १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर (वर १०४ छापलेला) ५५५ च्या पिन ८ आणि १ मध्ये अगदी पायांना चिकटवून लावा. दुसरा ४०१७ च्या १६ आणि ८ मध्ये. ५५५ जवळ १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आणि पिन ५ वरून ग्राउंडला १०३ (१० नॅनोफॅरड). सांगाड्याच्या दुसऱ्या टोकाला लावलात तर उपयोग शून्य. त्यापेक्षा ५५५ चाच कमी करंट खाणारा सीमॉस प्रकार, ७५५५, घ्या, त्याच सॉकेटात बसतो आणि हा झटका देत नाही. पॉटच्या किमती ठीक आहेत, मिनिटाला साधारण ३८ ते २८८ मात्रा मिळतात.

समेसाठी: पिन ६ ते १५ मध्ये १एन४१४८ डायोड घाला, त्यावरची पट्टी १५ कडे. १५ वरून ग्राउंडला १०० के, आणि +५ वरून १५ ला १०४. चालू होताना रीसेटला एक धक्का बसतो आणि गाडी पहिल्या मात्रेवर येते. अंधाराचे ठोके म्हणजे ४०१७ नवव्या-दहाव्या आउटपुटवर जागा झालेला असतो.

कल्हई
जोडांचं सांगतो. पितळ उष्णता भराभर पळवतं, म्हणून शेजारचा जोड वितळतो. सांगाड्याचे जोड आधी शिसेविरहित सोल्डरने करा, ते २२० अंशांच्या आसपास वितळतं. पार्ट नंतर ६०/४० ने, ते १९० पर्यंत वितळतं. चालू जोड आणि जुना जोड यांच्या मधे क्रोकोडाइल क्लिप किंवा ओला टिश्यू. ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, रुंद टोक, दोन-तीन सेकंदांत काम उरकायचं. बारीक टोक लावून बसलात की सगळी तार तापते आणि जोड तरी गारच, म्हणजे कच्चा.

तार आधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. फ्लक्स फक्त राळेचा. पितळेला चढतं म्हणून कुणी अॅसिड देईल, घेऊ नका. उरलेले क्षार पावसाळ्यात तार हिरवी करतात. तार सरळ करायची तर एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं ड्रिलमध्ये, ताण देऊन हळू फिरवायची. तार नागपूरच्या इतवारीत बघा, पार्ट सीताबर्डीत.

४०१७ चे आउटपुट पिनांच्या ओळीने येत नाहीत: ३, २, ४, ७, १०, १, ५. तारा एकमेकींवरून जाणारच, तिथे स्लीव्ह (तारेवरची प्लास्टिक नळी). आयसी (चिप) कधीच थेट सोल्डर करू नका, सॉकेट.

तिरकिट
९ व्होल्ट दिले तर उजेड वाढेल का? ५ वर पांढरा फारच फिका आहे.

झिरोओहम
वाढेल, पण मग सामाईक रेझिस्टर चालणार नाही. विझलेल्या लाल एलईडींवर उलटं व्होल्टेज येतं आणि त्यांची मर्यादा बहुधा ५ व्होल्टच असते. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर द्या. पांढरा मात्र फिकाच राहू द्या हो, खाली आहे ती!

विरण्यासाठी ५ व्होल्टवरच राहा. प्रत्येक आउटपुटवरून १एन४१४८, पुढे १० मायक्रोफॅरड ग्राउंडला, तिथून ४७ के ने बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला. एमिटर ग्राउंडला, कलेक्टरमध्ये एलईडी आणि ३३० ओहम. आस लांब हवी तर २२ मायक्रोफॅरड, पण द्रुत लयीत सगळे दिवे एकमेकांत मिसळतील, मग ३-२-२ दिसणारच नाही. इथे एका वेळी दोन-तीन दिवे पेटलेले असतात, म्हणून सामाईक रेझिस्टर इथेही बाद.

कल्हई
जाता जाता: पीटर फोगेल (१९३७–२०१७) या जर्मन कलाकाराची कामं बघा. सुटे पार्ट आणि तारा हेच त्याच्या शिल्पाचं अंग, आणि सावली पडली की शिल्प प्रतिसाद देतं. तुमच्या शिल्पात एक एलडीआर (अंधारात रोध वाढणारा रेझिस्टर) पॉटला समांतर लावला की हात समोर धरताच लय उतरेल, पण पॉटवर लावलेल्या लयीच्या खाली जाणार नाही. सिरीजमध्ये लावू नका, अंधारात ताल थांबल्यासारखाच होईल.