मोठ्या आतड्यातील चपटा पॉलिप : तुकड्यांनी काढावा की अखंड?

प्रश्न (सांगली)
माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. मिरजेत झालेल्या कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीत) त्यांच्या मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला सुमारे २५ मिलिमीटरचा चपटा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढलेली गाठ) आढळला. तेथेच असलेला ५ मिलिमीटरचा दुसरा पॉलिप डॉक्टरांनी वीज न वापरता तारेच्या फासाने लगेच कापून काढला. मोठ्यासाठी मात्र ईएमआर (दुर्बिणीतून फासाने गाठ कापणे) सुचवले असून तो तुकड्या-तुकड्यांनी निघेल, असे सांगितले. पुण्यातील नातेवाइकांचा आग्रह ईएसडीचा (दुर्बिणीतून सुरीने गाठ सोडवून काढण्याचा) आहे, कारण त्यात गाठ एकसंध निघते. वडिलांना पुण्याला नेणे आवश्यक आहे का?

उत्तर (पोटविकारतज्ज्ञ, सातारा)
लहान पॉलिपबाबत डॉक्टरांनी योग्य तेच केले. १० मिलिमीटरपेक्षा लहान पॉलिपसाठी कोल्ड स्नेअर (वीज न वापरता फासाने कापणे) हीच आज पहिली पसंती आहे. विजेची उष्णता आतड्याच्या भिंतीत खोलवर जात नसल्याने नंतर रक्तस्राव होण्याची भीती कमी राहते.

२० मिलिमीटरच्या पुढील चपट्या पॉलिपखाली द्रव टोचून तो स्नायूच्या थरापासून उचलावा लागतो. ईएमआरमध्ये त्यानंतर फास टाकून तो कापतात, ईएसडीमध्ये बारीक विद्युत-सुरीने खालचा थर सोडवत तो अखंड काढतात. तुकड्यांनी काढल्यास कडेला पेशी उरू शकतात, हे नातेवाइकांचे म्हणणे खरेच आहे. परंतु गाठ काढल्यावर जखमेच्या कडा जाळण्याने त्यात मोठा फरक पडतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत कडा जाळलेल्या रुग्णांत पहिल्या फेरतपासणीत पुन्हा वाढ आढळण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर न जाळलेल्यांत २१ टक्के होते. २०२४ च्या फ्रान्समधील चाचणीत, २५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या गाठींसाठी, ईएसडीनंतर हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आणि तुकड्यांच्या ईएमआरनंतर सुमारे ५ टक्के होते. मात्र ईएसडीच्या गटात गुंतागुंती अधिक होत्या. ईएसडीला वेळही जास्त लागतो, आणि ती करणारा हात सरावाचा हवा.

माझ्या मते निर्णय गाठीच्या पृष्ठभागावरून व्हावा. खड्डा, विस्कटलेली रक्तवाहिन्यांची नक्षी किंवा द्रव टोचूनही गाठ न उचलली जाणे, यांपैकी काही असेल तर कर्करोगाची शंका येते, आणि अशा वेळी अखंड काढण्याचा किंवा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

उत्तर (पॅथॉलॉजिस्ट, कराड)
वरील मुद्द्याला माझ्या टेबलावरून जोड देतो. कर्करोग निघाला, तर तो किती खोल गेला आहे आणि कडा मोकळ्या आहेत की नाहीत, हे तुकड्यांवरून खात्रीने सांगणे अवघड असते. निव्वळ अ‍ॅडिनोमा (कर्करोगात न बदललेली गाठ) असेल तर ही अडचण फारशी आड येत नाही.

प्रश्नकर्ता
अहवालात पृष्ठभाग एकसारखा असून खड्डा नाही, असे लिहिले आहे. वडील हृदयासाठी रक्त पातळ करण्याची गोळी घेतात.

उत्तर (पोटविकारतज्ज्ञ, सातारा)
मग मिरजेत ईएमआर करून घेण्यास माझी हरकत नाही, मात्र कडा जाळणार का आणि जखम क्लिपने (धातूच्या छोट्या चिमट्याने) बंद करणार का, हे आधी विचारावे. उजव्या बाजूच्या मोठ्या जखमेत क्लिपमुळे नंतरचा रक्तस्राव कमी होतो. तोवर त्या गाठीचे वारंवार तुकडे तपासणीला घेऊ देऊ नयेत, कारण व्रणामुळे ती नंतर नीट उचलली जात नाही. गोळी स्वतःहून बंद करू नये. हृदयरोगतज्ज्ञ आणि एंडोस्कोपी करणारे डॉक्टर यांनी मिळून ते ठरवावे. फेरतपासणी साधारण ६ महिन्यांनी लागेल, आणि ती टाळणार असाल तर तुकड्यांची पद्धत मुळात निवडूच नये.